निशाणाला खिसा होता

वर्निस : निशाण तुम्ही उतरवलंत. माझ्या भावानं सकाळी बांधलं आणि तुम्ही ते जेवणाच्या आधी उतरवलंत, कारण तुमच्या जाहिरातीत लाल रंग वाईट दिसत होता. ऑब्रीला समुद्रानं मारलं असं कागदावर लिहिता. समुद्र बिचारा रोजच्यासारखाच वागला. वेगळं वागलात ते तुम्ही.

(कोस्टा रिकाचा पूर्व किनारा. मिस वर्निसच्या खानावळीमागचं अंगण, शनिवारची दुपार. बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळायची टेबलं मांडली आहेत. वर्निस मासे साफ करते आहे. रोसिओ, पाठीवर पिशवी टाकून देशोदेशी फिरणारी एक अर्जेंटिनाची मुलगी, नारळ किसता किसता पर्यटन कार्यालयातला साहेब झाली आहे; सोमवारच्या भेटीची तालीम चालली आहे.)

रोसिओ : बसा बाई, आधी बसा. कोण आपण? काय काम काढलंत?

वर्निस : तू साहेब झालीस ना? मग 'बसा' कसं म्हणशील? साहेब बसा म्हणत नाही.

रोसिओ : मग काय म्हणतो?

वर्निस : काहीच नाही. फोनमध्ये बघत एक भुवई वर करतो, म्हणजे आपण बोलायचं. मागच्या सोमवारी मी सगळं गाऱ्हाणं त्याच्या टकलाला सांगून आले. टक्कल बरं होतं, निदान चमकत तरी होतं.

रोसिओ : बरं, ही घ्या भुवई. बाई, तुमचा भाऊ प्यायलेला होता.

वर्निस : प्यायलेला होता तर तुमच्या पाहुण्याला बाहेर कसा काढला, साहेब? प्यायलेला माणूस एवढं काम करत असेल, तर तुमच्या कार्यालयात शुद्धीवर बसलेत त्यांनाही थोडी पाजा.

रोसिओ : हे सोमवारी नका बोलू.

वर्निस : हेच तर बोलणार आहे. पुढचं विचार.

रोसिओ : साक्षीदार कोण?

वर्निस : सगळं गाव.

रोसिओ : गावात सगळे तुमचे नातेवाईक. नातेवाइकांची साक्ष चालत नाही.

वर्निस : आमचे पणजोबा जमैकाहून एकाच बोटीनं आले, साहेब. गावात जो आहे तो त्या बोटीतलाच. नात्यात नसलेला माणूस मी काय आता नवीन बोट मागवून आणू?

रोसिओ : आणि हा फोटो. त्याच दिवशीचा, दुपारचा. यात काठीवर लाल दिसतंय. निशाण उतरवलं म्हणता, मग हे काय फडकतंय?

वर्निस : साहेबानंही हाच फोटो पुढे केला होता.

रोसिओ : मिस वर्निस, यावर काय म्हणणार?

वर्निस : इथेच तर माझी दातखीळ बसली. फोटो खोटा नाही. मी बघितला, काठी आमचीच, लाल ठिपका खरा. आणि गंमत बघ पोरी. निशाण उतरवलं कशाला? तर निवांत किनाऱ्याचे फोटो काढायचे म्हणून. राजधानीतनं माणसं आली होती. आमचा देश कसा सुशेगाद, इथे कुणाला कसली घाई नाही, कसली भीती नाही. धोक्याचं निशाण मधेच फडकलं तर पाहुणा येईल का? म्हणून उतरवलं. आणि आता त्याच जाहिरातीतला फोटो दाखवून म्हणतात, निशाण होतंच की.

रोसिओ : तुम्ही उतरवताना बघितलं?

वर्निस : मी भात लावला होता. माझ्या चुलत्यानं बघितलं. शिडी लावली, उतरवलं, गाडीत टाकलं. पण चुलता नात्यातला.

रोसिओ : हो. बोटीतला.

वर्निस : ऑब्री रोज पहाटे पाण्याकडे बघून ठरवायचा. इथे पाण्याखालून ओढ लागते, वरून काही कळत नाही. ज्या दिवशी ओढ असेल त्या दिवशी निशाण. कुणी नेमला नव्हता त्याला. आमच्या बापानं केलं, मग यानं केलं. आणि ते निशाण म्हणजे माझा झगा, माहीत आहे तुला?

रोसिओ : झगा?

वर्निस : लाल. ज्या झग्यात मी नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तो. नवरा पळून गेला तेव्हा ऑब्री म्हणाला, दे इकडे, धोक्याचं निशाण करायला याच्यापेक्षा चांगलं कापड कुठे मिळणार. बाह्या कापल्या, खिसा तसाच ठेवला. म्हणाला, शिट्टी ठेवायला होईल. जगात खिसा असलेलं निशाण एकच असेल. आज त्याची नववी रात्र. टेबलावर त्याच्या फोटोशेजारी ते ठेवायला हवं होतं. तिथे काय ठेवलंय बघ.

रोसिओ : लोणच्याची बरणी.

वर्निस : जागा रिकामी बरी नाही दिसत.

रोसिओ : मिस वर्निस, एक सांगायचंय. फोटोतलं ते लाल काय आहे, ते मला ठाऊक आहे असं वाटतंय.

वर्निस : वाटतंय की ठाऊक आहे?

रोसिओ : तुम्ही फोटोचं सांगितलंत त्या क्षणी ठाऊक झालं. म्हणून मी एका माणसाला बोलावलंय. नात्यातला नाही. तुमच्या बोटीत मावलाच नसता, एवढा लांब आहे. टॉर्बेन त्याचं नाव, डेन्मार्कचा. बसमध्ये ओळख झाली, मग महिनाभर एकत्र फिरलो. त्या दिवशी आम्ही दोघं किनाऱ्यावर होतो. मी झाडाखाली झोपले होते. तो पाण्यात होता.

वर्निस : पाण्यात होता.

रोसिओ : हो. तोच तो.

वर्निस : ज्याला काढला तो?

रोसिओ : हो.

वर्निस : आणि इतके दिवस हे फूल कुठे होतं? आम्ही प्रेत शोधत होतो, पेटी बनवत होतो, पाद्रीबाबाला बोलावत होतो, तेव्हा कुठल्या झुल्यात लोळत होतं?

रोसिओ : सीमेपलीकडच्या बेटांवर. त्याला माहीत नाही, मिस वर्निस. त्याला खोकत खोकत गाडीत घातला आणि दवाखान्यात नेला, तेव्हा तुमचा भाऊ अजून पाण्यातच होता. गाडीत मीही होते. ड्रायव्हर म्हणाला, इथला माणूस आहे, पोहून येईल, इथले लोक मासेच असतात. आम्ही मान डोलावली. मला परत आल्यावर कळलं.

वर्निस : तेव्हाच त्याला का नाही कळवलंस?

रोसिओ : कळवलं असतं तर तो आला असता? आम्हा फिरणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे. कुणाच्या सहलीत दुःख मिसळायचं नाही. पोट बिघडलं, पाकीट मारलं, प्रेम मोडलं, सगळं सांगतो आम्ही, हसून सांगतो. पण मेलेलं माणूस सांगितलं की समोरचा दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडतो. मी त्याला फक्त एवढंच लिहिलं : शनिवारी मिस वर्निसच्या अंगणात ये, अख्खं गाव येणार, डॉमिनो, रम, रात्रभर गाणी. यातलं खोटं काय आहे?

वर्निस : काहीच नाही. म्हणूनच तर वाईट आहे. साहेबाच्या फोटोसारखं.

टॉर्बेन : हाय, हाय! हेच ना ते अंगण? रोसिओ! वास काय सुटलाय. नमस्कार, तुम्हीच मिस वर्निस असणार. मी टॉर्बेन. बोलावल्याबद्दल मनापासून आभार.

वर्निस : ये बाळा, ये. वाकून ये, डोकं आपटेल. हे काय आणलंस?

टॉर्बेन : ही रम, सीमेवरून आणली. आणि हे छोटं गिटार, चार तारांचं. फार येत नाही मला, पण वातावरण होतं. मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगून आलोय, गावातला खरा सण आहे, पर्यटकांसाठी केलेला नाही. अर्धं हॉस्टेल येतंय. चालेल ना?

वर्निस : न चालायला काय झालं? सण म्हटल्यावर गर्दी हवीच.

रोसिओ : टॉर्बेन, जरा इकडे ये.

टॉर्बेन : थांब गं, बघू दे मला हे सगळं. मला तुमच्या लोकांचं हेच आवडतं, मिस वर्निस. शनिवारी भर दुपारी टेबलं मांडून तयार. आमच्याकडे निवांत व्हायचं असेल तर माणूस आधी वर्ग लावतो. इथे कुणाला कसली घाई नाही.

वर्निस : बरोबर बोललास. ज्याच्यासाठी हे चाललंय, त्याला तर अजिबात घाई नाही.

टॉर्बेन : वाढदिवस आहे का कुणाचा?

वर्निस : निरोप द्यायचाय. माझ्या भावाला.

टॉर्बेन : अरे वा, निघाला का प्रवासाला? कुठे?

वर्निस : लांब. परतीचं तिकीट नाही काढलं.

टॉर्बेन : असंच निघायला हवं. मीही तसाच निघालो. सामान किती घेतलंय त्यानं? लोक तिथेच चुकतात.

वर्निस : काही नाही घेतलं. अंगावर एक शर्ट, तोही आम्ही घातला म्हणून.

टॉर्बेन : खरा प्रवासी. मला भेटायचंय त्याला.

रोसिओ : मिस वर्निस, पुरे करा. हात जोडते.

वर्निस : का गं? दोघं प्रवासी भेटले, चार गोष्टी बोलतील. बाळा, तू इथे पहिल्यांदाच का?

टॉर्बेन : नाही नाही, इथे तर माझा पुनर्जन्म झालाय. रोसिओनं सांगितलं नाही? मी बुडत होतो. खरंच बुडत होतो. पाणी सपाट दिसत होतं, मी आत गेलो आणि खालून कुणीतरी पाय धरल्यासारखं झालं. लाटा या घराएवढ्या.

रोसिओ : बेटावर सांगितलंस तेव्हा होडीएवढ्या होत्या.

टॉर्बेन : बरं, होडीएवढ्या. आणि मग एक माणूस आला, वयस्क, निळी चड्डी. माझी मान धरली आणि मला शिव्या देत देत ओढत आणलं. पायाखाली वाळू लागली तेव्हा त्यानं मागून असा धक्का दिला, की मी किनाऱ्यावर तोंडावर पडलो. नंतर काही आठवत नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं. ही रम खरं तर त्याच्यासाठी आणलीय. तुम्ही ओळखत असाल. समोरचा एक दात...

वर्निस : सोन्याचा.

टॉर्बेन : हो, सोन्याचा. ओळखता?

वर्निस : कशा शिव्या दिल्या?

टॉर्बेन : काय?

वर्निस : ओढताना शिव्या दिल्या म्हणालास. काय म्हणाला?

टॉर्बेन : मला सगळं कळलं नाही. काहीतरी खेकड्यावरून होतं. खेकड्याला अक्कल असते, असं काहीतरी.

वर्निस : खेकड्याला अक्कल असते, तुला नाही. लहानपणापासून मलाही हेच म्हणायचा. ठेव, ती बाटली तिथे टेबलावर ठेव. लोणच्याच्या बरणीशेजारी, त्या फोटोसमोर.

टॉर्बेन : कुठल्या... अरे. हा तोच आहे. हाच तो माणूस. तुमचा भाऊ आहे हा?

वर्निस : हो.

टॉर्बेन : म्हणजे निरोप यालाच... कुठे चाललाय तो?

रोसिओ : तो गेला, टॉर्बेन. तुला वाळूवर ढकललं आणि मागच्या लाटेनं त्याला परत ओढला. आपण दवाखान्याच्या गाडीत होतो तेव्हाच. आज त्याची नववी रात्र आहे. इथे कुणी मेलं की नऊ रात्री घर जागं ठेवतात, खेळतात, गातात. हा सण नाही.

वर्निस : बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. इकडे बस.

टॉर्बेन : मला कुणी सांगितलं नाही.

वर्निस : तू कुणाला विचारलंस?

टॉर्बेन : मी... मला वाटलं तो बाहेर आला असेल. तो इतका छान पोहत होता.

वर्निस : हो. आम्ही मासेच असतो.

टॉर्बेन : रोसिओ, तू मला इथे रम घेऊन यायला लावलंस. गिटार घेऊन. मी चौकाचौकात ही गोष्ट विनोद म्हणून सांगत फिरलोय.

रोसिओ : गिटार आण असं मी लिहिलं नव्हतं. आणि चिडायचं असेल तर चिड, पण आधी हे सांग, खरं कळवलं असतं तर आला असतास? फुलांचा एक फोटो पाठवला असतास. खाली दोन ओळी, समुद्र किती गूढ असतो वगैरे.

टॉर्बेन : तू फार दुष्ट आहेस.

रोसिओ : असेन. आलास ना पण.

वर्निस : भांडणं नंतर करा. आज घरात भांडण चालत नाही, त्याला वाटेल आम्ही त्याच्या सामानाची वाटणी करतोय. बाळा, तुझ्या खांद्यावर काय आहे?

टॉर्बेन : हा? टॉवेल.

वर्निस : लाल आहे.

टॉर्बेन : चटकन वाळतो. प्रवासासाठी मिळतात असे.

वर्निस : त्या दिवशी पाण्यात उतरलास तेव्हा हा कुठे होता?

टॉर्बेन : वाळत घातला होता. किनाऱ्यावर ती एक उंच काठी आहे ना, तिला दोरी पण होती. मला वाटलं, वा, काय सोय केलीय. दोरीला बांधला आणि वर चढवला. वारा मस्त होता.

वर्निस : काठीवर दुसरं काही होतं?

टॉर्बेन : नाही. रिकामी होती.

वर्निस : परत म्हण.

टॉर्बेन : रिकामी होती काठी. का?

वर्निस : रोसिओ, ऐकलंस?

रोसिओ : ऐकलं.

टॉर्बेन : कुणीतरी मला सांगाल का, काय चाललंय?

रोसिओ : ती तुझ्यासाठी टॉवेल वाळत घालायची सोय नव्हती, राजा. पाण्याला ओढ असली की त्या काठीवर लाल निशाण चढतं. त्या दिवशी सकाळी ते होतं. फोटोवाल्यांसाठी वरच्या साहेबांनी उतरवायला लावलं. मग तू आलास आणि टॉवेल टांगलास, आणि फोटोत तुझा टॉवेल आला. आता साहेब म्हणतात, निशाण जागेवरच होतं, माणूस दारू पिऊन आपल्या मर्जीनं मेला, विषय संपला.

टॉर्बेन : माझा टॉवेल.

वर्निस : एवढंच असतं तरी बरं होतं. मी सांगते पुढचं. साहेबाला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. ऑब्री दुपारी जेवायला आला. गाडी बघितली होती त्यानं. माझ्या या खिडकीतून रोज काठी दिसते. जेवता जेवता उठला, खिडकीशी गेला, बघितलं. म्हणाला, आहे गं, निशाण आहे. मला वाटलं या लोकांनी काढलं की काय. आणि खाटेवर आडवा झाला. नाहीतर तो ताटावरून उठून गेला असता, बाळा. असा माणूस होता. पण लाल दिसलं ना त्याला. म्हातारपणी नजर अधू झालेली, लाल दिसलं, बास झालं. मग तुझी किंकाळी ऐकून उठला.

टॉर्बेन : म्हणजे मी टॉवेल टांगला नसता तर...

वर्निस : तर तो गेला असता, दुसरं काहीतरी लाल बांधलं असतं, तुला चार शिव्या दिल्या असत्या, आणि आत्ता इथे बसून मासे बरोबर तळत नाही म्हणून माझं डोकं खाल्लं असतं.

टॉर्बेन : मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

वर्निस : ते मला कळतंय. लाल कापड दिसलं की भुतं पळतात, असं आमची आजी म्हणायची. साहेब नाही पळाले, उलट त्याच्याच आडोशाला जाऊन बसले.

रोसिओ : टॉर्बेन, सोमवारी कार्यालयात जायचंय. मिस वर्निस बोलणार आहेत. तू फक्त सांगायचंस, टॉवेल माझा, काठी रिकामी होती. तू नात्यातला नाहीस, तुझं ऐकावं लागेल त्यांना.

टॉर्बेन : सोमवारी? सोमवारी मी इथे नसतो. बेटांवरून परत येताना सीमेवर मला थोड्याच दिवसांची मुदत दिली, ती उद्या संपते. सीमा ओलांडून परत यायचं की नवीन मुदत मिळते, सगळे तसंच करतात.

रोसिओ : मग मंगळवारी ओलांड.

टॉर्बेन : मुदत उलटली तर अडवतात, रोसिओ. दंड, चौकशी, परत कधी येऊ देतील की नाही कोण जाणे. आणि मी जाऊन काय सांगणार? की धोक्याच्या काठीवर टॉवेल मीच टांगला? ते सगळा दोष माझ्यावर ढकलतील. मी व्हिडिओ करून देतो. आत्ता, इथे. सगळं सांगतो, नाव, गाव, सगळं.

वर्निस : व्हिडिओ.

टॉर्बेन : हो, तो तुम्ही दाखवा त्यांना.

वर्निस : ते त्याला संगीत लावतील, राजा. जाहिरातीत वापरतील. साहेबानं मला तोंडावर सांगितलंय, माणूस समोर आणा. तुझ्यासारखी लांबलचक माणसं रोज शेकड्यांनी या किनाऱ्यावर पडलेली असतात, एक उचलून आणता येत नाही मला? सगळ्यांचं ठरलेलं असतं. निवांत राहायला येतात आणि पहाटे निघून जातात. आम्हाला निवांत म्हणता ना तुम्ही? मी कोंबड्याच्या आधी उठते. भात, पाव, मासे, तुमची अंथरुणं, तुमच्या चादरींतली वाळू. तुम्ही निवांत असता, कारण आम्ही नसतो.

टॉर्बेन : तुम्ही माझ्यावर रागावला आहात.

वर्निस : मी रागावले नाही असं तुला कोणत्या क्षणी वाटलं?

रोसिओ : मिस वर्निस...

वर्निस : थांब. मला त्याला नीट सांगू दे. बाळा, दोष थोडा तुझाही आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याची वाटणी आपण दोघं इथे करू, माशाचं डोकं खाताना. मोठा वाटा मोठ्या माणसाच्या ताटात आधी पडू दे. शिडी त्यानं लावली होती, तू नाहीस.

रोसिओ : टॉर्बेन, हा चहा घे, गार होतोय.

टॉर्बेन : आज रात्री काय करतात? म्हणजे नवव्या रात्री?

वर्निस : खेळतात, खातात. पहाटे त्याची गादी उलटी करतात आणि खाट हलवून दुसऱ्या भिंतीला लावतात. मग तो परत आला तरी त्याला खोली ओळखू येत नाही, आणि तो आपल्या वाटेनं जातो.

टॉर्बेन : कोण हलवतं खाट?

वर्निस : घरचे पुरुष. पण या वेळी खाट हलणार नाही. मी सांगून ठेवलंय सगळ्यांना. काठीवर निशाण नाही, भाऊ दारुडा म्हणून कागदावर लागलाय, आणि मी त्याला वाट चुकवून घराबाहेर काढू? राहू दे त्याला. त्याची खाट जिथल्या तिथे आहे.

टॉर्बेन : हॉस्टेलच्या लोकांना मी येऊ नका म्हणून कळवतो.

वर्निस : नको. आजच्या रात्री दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत. येऊ देत, खाऊ देत. फक्त कोण मेलंय आणि कुणासाठी, ते तू सांगायचं. दारात उभा राहून, प्रत्येकाला. लाटा वाढवायच्या नाहीत.

टॉर्बेन : नाही वाढवणार.

वर्निस : आणि ते गिटार घरात ठेव.

टॉर्बेन : हो.

रोसिओ : आणि सोमवार?

टॉर्बेन : सोमवारी बस कधी सुटते?

वर्निस : तू बसलास की.

टॉर्बेन : मग मी... ठीक आहे. दंड होईल. होऊ दे. कार्यालयात नेमकं काय म्हणायचं?

रोसिओ : करून बघू या. मी साहेब. ही माझी भुवई. बोला.

टॉर्बेन : नमस्कार. सगळ्यात आधी मला सांगायचंय, की मला तुमचा देश मनापासून आवडतो...

वर्निस : ते नको. त्यावर ते तुला चहा पाजतील आणि दाराबाहेर सोडतील.

टॉर्बेन : माफ करा. माझं नाव टॉर्बेन. फोटोत जे लाल दिसतंय, तो माझा टॉवेल आहे. मी तो रिकाम्या काठीवर टांगला. मी बुडत होतो. त्यांच्या भावानं मला बाहेर काढलं. तो शुद्धीवर होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, माशाचा आणि लिंबाचा होता.

वर्निस : लिंबाचा. हो, लिंबू पिळून दिलं होतं मी.

रोसिओ : हा टॉवेल तुमचाच कशावरून? बाजारात असे हजार मिळतात.

टॉर्बेन : कोपऱ्यावर माझं नाव आहे. निळ्या दोऱ्यानं. आईनं शिवलंय.

वर्निस : बघू. एवढ्या घोड्याच्या टॉवेलावर आई नाव शिवते?

टॉर्बेन : मी हरवतो म्हणून.

वर्निस : टॉवेल की तू?

टॉर्बेन : दोन्ही.

वर्निस : आईला सांगितलंस, बुडत होतास ते?

टॉर्बेन : नाही. काळजी करेल.

वर्निस : सांग तिला. आजच सांग. आणि त्याचं नावही सांग. ऑब्री. लिहून घ्यायला नको, लहान नाव आहे.

टॉर्बेन : ऑब्री. सांगतो.

रोसिओ : साहेबाची अजून भुवई खाली आलेली नाही. बरं, टॉवेल या गृहस्थांचा, मान्य. मग बाई, आता तुमचं काय म्हणणं?

वर्निस : माझं फार काही म्हणणं नाही.

रोसिओ : सुरुवातीला केवढं होतं. समुद्र, जाहिरात, रंग.

वर्निस : ते राहू दे. आता तेवढं लागत नाही. हा टॉवेल त्याच्यासमोर ठेवायचा, नावाचा कोपरा वर करून. आणि उभं राहायचं.

रोसिओ : आणि?

वर्निस : काठीवर होतं ते या पोराचं, साहेब. माझ्या भावानं सकाळी बांधलं ते लाल झग्याचं आहे. डाव्या बाजूला खिसा आहे, खिशात शिट्टी आहे. ते कुठे आहे?